मुनिखियाचे किल्लेदार : अथेन्सच्या बंदरावरची मॅसिडोनियन शिबंदी

गडवाट :

ग्रीसच्या इतिहासावर आपल्याकडे गप्पा रंगतात त्या मॅरेथॉन, सॉक्रेटिस आणि सिकंदरावर. शहर जिंकून राजा पुढे निघून गेला की ते ताब्यात कोण ठेवतो, त्याच्याकडे माणसं किती, त्यांचा पगार कुठून येतो, हे फारसं कुणी विचारत नाही. ग्रीक लोक त्या माणसाला 'फ्रूरार्क' म्हणत. आपल्या हिशेबी तो सरळसरळ किल्लेदार. मला हा माणूस राजांपेक्षा जास्त अभ्यासण्यासारखा वाटतो, म्हणून हा धागा.

उदाहरण घेतलंय मुनिखियाचं. अथेन्सच्या पिरेयस बंदरावरची ही जेमतेम ८५ मीटरची टेकडी. आज तिथे कास्तेला नावाची वस्ती आहे. माथ्यावरून कांथारॉस, झेया आणि मुनिखिया ही तिन्ही बंदरं नजरेच्या टप्प्यात येतात. मुख्य शहर तिथून सहा-सात किलोमीटर आत. अथेन्सचं पोट काळ्या समुद्राकडून येणाऱ्या धान्यावर चालायचं आणि ते धान्य इथेच उतरायचं. त्यामुळे शहरात एकही सैनिक न ठेवता, फक्त ही टेकडी धरून अथेन्सच्या मुसक्या बांधता येत होत्या.

सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला आणि अथेन्सने मॅसिडोनियाविरुद्ध उठाव केला. ३२२ मध्ये क्रानोनला हार पत्करावी लागली. विजेत्या अँटिपेटरने, म्हणजे मॅसिडोनियाच्या कारभाऱ्याने, अटी घातल्या : विरोधी वक्ते हवाली करा, मताधिकार ठराविक मालमत्ता असलेल्यांपुरता ठेवा, युद्धाचा खर्च भरा आणि मुनिखियावर आमची शिबंदी घ्या. अथेन्सच्या वतीने तहाची बोलणी म्हाताऱ्या सेनापती फोकिऑनने केली. निदान शिबंदी तरी नको, अशी त्याने गळ घातली. त्यावर अँटिपेटर म्हणाला, 'फोकिऑन, तुझं सगळं ऐकू, पण ज्यात तुझाही घात आहे आणि आमचाही, तेवढं सोडून.'

शिबंदी आली ती बोएद्रोमिऑन महिन्याच्या विसाव्या दिवशी. एल्युसिसच्या गुप्त विधींसाठी इयाक्खॉस देवाची मिरवणूक शहरातून निघते तो हा दिवस. एकीकडे मिरवणूक, दुसरीकडे परके सैनिक टेकडी चढताहेत. त्याच सुमारास कांथारॉस बंदरात एक दीक्षार्थी विधीसाठी आणलेलं डुकराचं पिल्लू धूत होता. त्या दीक्षार्थ्याला एका मोठ्या जलचराने धरलं आणि पोटापर्यंतचा खालचा भाग खाऊन टाकला. लोकांनी अर्थ लावला : समुद्राकडचं खालचं शहर जाणार, वरचं राहणार. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कने हे लिहून ठेवलंय. त्या आठवड्यात अथेन्सच्या माणसाला काय वाटत असेल ते यातून जसं कळतं, तसं तहाच्या कलमांतून कळत नाही.

पहिला किल्लेदार मेनिलॉस. माणूस सभ्य, फोकिऑनचा मित्र. त्याच्या शिबंदीने लोकांना त्रास दिल्याचं दिसत नाही. तो फोकिऑनला पैसे देऊ करत होता, फोकिऑनने घेतले नाहीत. मग 'मुलासाठी तरी घे' म्हणाला, तर उत्तर मिळालं की मुलगा सुधारला तर बापाचं आहे ते पुरेल, आणि आत्तासारखाच राहिला तर कितीही दिलं तरी पुरणार नाही.

माझं म्हणणं असं : या किल्लेदारांची धास्ती शहराला होतीच, पण त्यांना नेमणाऱ्या राजाला ती जास्त होती. मेनिलॉसच्या नंतर काय झालं ते पाहिलं की हे पटेल. ते पुढच्या प्रतिसादात लिहितो. तोवर इतर शहरांतल्या किल्लेदारांबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

शिलालेखी :

उत्तम विषय. राजांच्या धास्तीचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मॅसिडोनियनांच्याही आधीचा आहे. ग्रीक लेखक झेनोफोनने इराणी बादशहाची पद्धत सांगितली आहे : किल्लेदार वेगळा, मुलकी अधिकारी वेगळा. किल्लेदाराने संरक्षण दिलं नाही तर मुलकी अधिकारी तक्रार करणार की लोकांना शेती करता येत नाही. संरक्षण असून जमीन ओसाड पडली तर किल्लेदार मुलकी अधिकाऱ्याची तक्रार करणार. दोघांनी एकमेकांवर डोळा ठेवायचा, बादशहाने निवांत राहायचं.

सिकंदराने हेच उचललं. ३३४ मध्ये सार्दिस हाती आलं ते लढून नाही. तिथला इराणी किल्लेदार मिथ्रेनिस स्वतः पुढे आला आणि बालेकिल्ला खजिन्यासकट देऊन मोकळा झाला. सिकंदराने त्याला मानाने वागवलं, पुढे आर्मेनियाचा क्षत्रप केलं. पण सार्दिसची व्यवस्था लावताना सुभा एकाकडे दिला, करवसुली दुसऱ्याकडे आणि बालेकिल्ला पौसानियास नावाच्या तिसऱ्याकडे. एका किल्लेदाराच्या मनात आलं तर काय होतं, ते त्याने आदल्याच दिवसांत पाहिलं होतं ना.

बॅबिलोनमध्येही तेच. क्षत्रप इराणी माझाइयस, बालेकिल्ल्यावर अगाथोन, वसुलीला आणखी एक. इजिप्तमध्ये मेंफिसला पँटालिऑन आणि पेलुसियमला पोलेमोन असे दोन वेगळे किल्लेदार. एवढा सुपीक आणि सुरक्षित देश एकाच्या हाती देणं धोक्याचं, असं कारण सिकंदराचा इतिहासकार एरियनने स्पष्ट लिहिलंय.

रानवारा :

गडवाट, शिलालेखी, दोघांचेही आभार. शिवकाळातल्या गडांवर हवालदार, सबनीस आणि कारखानीस अशी वाटणी असायची, तिची आठवण झाली. किल्ल्या एकाकडे, हजेरी-हिशेब दुसऱ्याकडे, कोठार तिसऱ्याकडे.

एक शंका. सिकंदर आपल्याकडे आला तेव्हा इथेही असे किल्लेदार नेमले का? आणि सगळे मॅसिडोनियनच असायचे का?

शिलालेखी :

रानवारा, नेमले. ३२७-३२६ मध्ये पुष्कलावतीत, म्हणजे आजच्या पेशावरजवळच्या चारसद्दा भागात, फिलिप नावाचा मॅसिडोनियन किल्लेदार ठेवला. पण ऑर्नोसचा अवघड डोंगर घेतल्यावर तिथली शिबंदी सिसिकोटोस या माणसाच्या हाती दिली. त्याचं मूळ नाव शशिगुप्त असावं असं मानतात. तो आधी बॅक्ट्रियात सिकंदराशी लढणाऱ्या इराणी क्षत्रप बेस्ससच्या बाजूने होता आणि नंतर सिकंदराकडे आला. म्हणजे ज्या डोंगरासाठी एवढा खटाटोप केला, तो त्याने एका भारतीयाच्या भरवशावर सोडला. वाटा ठाऊक असलेला आणि आसपासच्या टोळ्यांशी बोलू शकणारा माणूस तिथे हवा होता, असं मला वाटतं.

गडवाट :

आता मेनिलॉसनंतरची गोष्ट.

३१९ मध्ये अँटिपेटर मरणाच्या दारात होता. त्याने वारस नेमला पॉलिपेर्कोनला, मुलगा कॅसँडर बाजूला राहिला. कॅसँडरने सैन्य गोळा करण्याच्याही आधी काय केलं? बापाच्या मृत्यूची बातमी अथेन्सला पोचण्यापूर्वी निकानोर नावाचा आपला माणूस मुनिखियावर धाडला, मेनिलॉसकडून ताबा घ्यायला. मेनिलॉसने ताबा दिला. थोड्या दिवसांत बातमी आली आणि लोकांनी फोकिऑनवर ठपका ठेवला की हे तुला आधीच ठाऊक होतं.

फोकिऑनने निकानोरशीही जुळवून घेतलं. त्याला लोकांशी सौम्यपणे वागायला लावलं, क्रीडामहोत्सवाचा यजमान होऊन पैसा खर्च करायला लावलं. पण निकानोर एकीकडे गोड बोलत होता आणि दुसरीकडे भाडोत्री सैनिक आत घेत होता. अथेन्सच्या एका सेनापतीने त्याला पकडायचा प्रयत्न केला, तो निसटला. तरी फोकिऑन म्हणत राहिला की निकानोरवर माझा विश्वास आहे, आणि अन्याय करण्यापेक्षा सोसलेला बरा. मग एके दिवशी निकानोरने टेकडीभोवतीचं पिरेयसही घेतलं. ३१८ मध्ये अथेन्सच्या सभेने फोकिऑनला विष प्यायला लावलं.

आणि निकानोर? बॉस्फरसपाशी कॅसँडरसाठी मोठी आरमारी लढाई जिंकून तो पिरेयसला दिमाखात परतला. मुनिखियावर माणसं अजून त्याचीच होती. जिंकलेला, लोकप्रिय, आणि अथेन्सची किल्ली खिशात असलेला माणूस. कॅसँडरने ३१७ च्या सुमाराला त्याचा काटा काढला. आधीचा किल्लेदार निमूट ताबा देणारा होता म्हणून कॅसँडरला टेकडी मिळाली. हा तसा देईल याची त्याला खात्री नव्हती.

सरळरेघ :

धागा आवडला, पण एक हरकत नोंदवतो. किल्लेदार आणि राजा यांच्यातल्या डावपेचांत टेकडीखाली राहणारी माणसं दिसेनाशी होतात. 'सभ्य मेनिलॉस' हे फोकिऑनच्या ओट्यावरून दिसणारं चित्र आहे. त्याच तहाने बारा हजारांवर अथेन्सकरांचा मताधिकार गेला, कित्येकांना थ्रेसमध्ये जमीन देऊ म्हणून गाव सोडायला लावलं. शिबंदी होती म्हणूनच हे रेटता आलं.

मॅसिडोनियनांच्या आधी स्पार्टाने तेच केलं. ४०४ मध्ये स्पार्टाच्या जोरावर अथेन्सवर राज्य करणाऱ्या तीस जुलमी लोकांच्या मागणीवरून कॅलिबियस हा स्पार्टन अधिकारी सातशे माणसं घेऊन थेट अक्रोपोलिसवर येऊन बसला. शिबंदीचा खर्च द्यायचं त्या तिसांनी कबूल केलं होतं. एकदा त्याने ऑटोलायकस या नावाजलेल्या मल्लावर काठी उगारली. ऑटोलायकसने त्याचे पाय धरले आणि उचलून आपटला. स्पार्टाचा सरदार लायसँडर उलट कॅलिबियसलाच म्हणाला की स्वतंत्र माणसांवर राज्य कसं करायचं ते तुला कळत नाही. पण थोड्याच काळाने तिसांनी कॅलिबियसला खूश करायला ऑटोलायकसला ठार केलं. रोजच्या जगण्यात शिबंदीचा अर्थ हा होता. काठी उगारणाऱ्याला उलटून हात लावला तर आज ना उद्या मरण.

गडवाट :

सरळरेघ, हरकत रास्त आहे आणि ऑटोलायकसचा प्रसंग धाग्यात यायलाच हवा होता. माझं म्हणणं त्याने खोडलं जात नाही, इतकंच म्हणेन. स्पार्टाचंच पुढचं उदाहरण पाहा. ३८२ मध्ये त्यांनी थीब्जचा कादमेया हा बालेकिल्ला दग्याने घेतला. ३७९ च्या हिवाळ्यात थीब्जच्या पेलोपिदास आणि साथीदारांनी शहर सोडवलं, तेव्हा वरच्या स्पार्टन अधिकाऱ्यांनी सुखरूप जाऊ देण्याच्या बोलीवर किल्ला सोडला. घरी परतल्यावर त्यांच्यातल्या दोघांना मृत्युदंड आणि तिसऱ्याला जबर दंड. कुमक वाटेत होती, थांबला का नाहीत, एवढाच प्रश्न. खाली शहर खवळलेलं, मागे मायदेश जीव घ्यायला बसलेला.

कातळकडा :

अक्रोकोरिंथशिवाय, म्हणजे कोरिंथ शहरावरच्या बालेकिल्ल्याशिवाय, हा विषय पुरा होणार नाही. ५७५ मीटर उंच सुळका, दोन समुद्र एकाच वेळी दिसतात, पेलोपोनीसचा, म्हणजे दक्षिण ग्रीसचा, जमिनीवरचा रस्ता पायाखालून जातो. मॅसिडोनियाच्या राजांनी कोरिंथ, खाल्किस आणि देमेत्रियास या तीन ठिकाणांना ग्रीसच्या बेड्या म्हटलं, ते उगाच नाही.

मॅसिडोनियाचा राजा अँटिगोनस गोनातासने हा किल्ला एका विधवेकडून लबाडीने मिळवला. किल्ला नवऱ्यामागे निकाइयाच्या हाती होता. अँटिगोनसने आपल्या मुलाशी तिचं लग्न ठरवलं. समारंभात सगळे दंग असताना म्हातारा स्वतः चढ चढून गेला आणि काठीने दरवाजा ठोठावून म्हणाला, उघडा. पहारेकऱ्यांनी उघडला.

मग त्याने तिथे नेमला कोण? पर्साइयस. स्टोइक पंथाचा संस्थापक झेनोचा आवडता शिष्य. राजाने झेनोला दरबारी बोलावलं होतं, झेनो वयाचं कारण सांगून आला नाही, त्याने पर्साइयसला पाठवलं. तत्त्वज्ञ माणूस, विकला जाणार नाही, असा राजाचा हिशेब असावा. तो चुकला नाही. पर्साइयस विकला गेला नाही, त्याच्या हाताखालचे विकले गेले.

कोरिंथमध्ये चार सीरियन भाऊ होते. त्यांतला दिओक्लिस शिबंदीत भाडोत्री शिपाई होता. बाकीच्यांनी राजाच्या खजिन्यातलं सोनं चोरलं. एर्गिनोस ते मोडायला थोडं थोडं करून शेजारच्या सिकिऑनमधल्या सावकाराकडे नेऊ लागला. सावकार होता आराटसच्या ओळखीचा. आराटस म्हणजे सिकिऑनचा तरुण पुढारी, पेलोपोनीसमधल्या शहरांच्या आखियन संघाचा सेनापती. गप्पांच्या ओघात एर्गिनोस बोलून गेला की कड्यात एक तिरकी घळ आहे आणि तिथे तट सगळ्यात बुटका आहे, पंधरा फूट. आराटसने भावांना ६० टॅलंट कबूल केले (एक टॅलंट म्हणजे सहा हजार द्राख्मा, ग्रीक चांदीची नाणी). तेवढी रक्कम त्याच्याकडे नव्हती आणि कर्ज काढलं असतं तर बोभाटा झाला असता. म्हणून त्याने घरची भांडी आणि बायकोचे सोन्याचे दागिने त्या सावकाराकडे गहाण टाकले. २४३ च्या उन्हाळ्यात, चांदण्या रात्री, शिड्या घेऊन शंभर माणसं वर चढली. सकाळपर्यंत किल्ला पडला. प्लुटार्कच्या मते पर्साइयस निसटून केंख्रियाई बंदराकडे गेला. पुढे कुणी त्याच्यासमोर म्हटलं की खरा सेनापती फक्त ज्ञानी माणूसच होऊ शकतो, तर तो म्हणाला की झेनोचं हेच मत एके काळी मला सगळ्यात आवडायचं, पण सिकिऑनच्या त्या तरुणाने धडा शिकवल्यापासून मी मत बदललंय.

नंतर आराटसने वर ४०० शिपाई ठेवले, आणि पन्नास कुत्रे, तेवढेच त्यांचे राखणदार.

शिलालेखी :

कुत्र्यांवरून टिओस या ग्रीक शहराचा इ.स.पू. तिसऱ्या शतकातला शिलालेख आठवला. कीर्बिसोस नावाचं छोटं ठाणं टिओसने आपल्यात घेतलं, तेव्हाचा करार दगडावर आहे. किल्लेदार दर चार महिन्यांनी बदलायचा. वय तिशीच्या पुढे, जमीनजुमला किमान चार टॅलंटचा. एकदा नेमल्यावर पाच वर्षं परत नेमणूक नाही. हाताखाली किमान वीस पहारेकरी आणि तीन कुत्रे. किल्लेदाराला दिवसाला चार द्राख्मा, शिपायाला एक. मुदत संपल्यावर ठाणं सोडलं नाही तर शहराचा शाप, हद्दपारी आणि मालमत्ता जप्त.

राजांना हे जमत नव्हतं. चार महिन्यांनी बदलायला विश्वासाची इतकी माणसं आणायची कुठून? शहराकडे आळीपाळीने पाठवायला नागरिक होते आणि त्यांची घरं-शेतं जामीन म्हणून शहरातच होती. भाडोत्री किल्लेदाराला असं काही गमावायचं नसतं.

पानगळ :

रात्रीच्या पहाऱ्याबद्दल थोडं. इ.स.पू. चौथ्या शतकातल्या एनियास नावाच्या युद्धशास्त्रकाराने वेढ्यात शहर कसं राखावं यावर लिहिलंय आणि ते वाचताना पानोपानी जाणवतं की त्याला बाहेरच्या शत्रूपेक्षा आतल्या फितुरीची काळजी जास्त आहे. कुणी कुठल्या बुरुजावर, कुठल्या प्रहरी उभं राहायचं, हे शिपायाला आधी कळता कामा नये, म्हणजे बाहेरच्याशी वेळ ठरवता येत नाही. प्रहर मोजायला पाण्याचं घड्याळ. हिवाळ्यात रात्र लांबते आणि उन्हाळ्यात आखडते, म्हणून भांड्याला आतून मेण लावायचं. रात्री मोठ्या होऊ लागल्या की थोडं खरवडून काढायचं, जास्त पाणी मावतं, प्रहर लांबतो. लहान झाल्या की पुन्हा लिंपायचं. वेशीच्या अडसराची खुंटी चोर कशी काढतात याच्या युक्त्या तर त्याने एकामागून एक दिल्या आहेत.

गडवाट :

पानगळ, मेणाची माहिती फार आवडली.

फितुरीवरून मुनिखियाकडे परत. ३०७ मध्ये कॅसँडरचा प्रतिस्पर्धी देमेत्रियस पोलिओर्केतिसने कॅसँडरचा किल्लेदार दिओनिसियसला जिवंत पकडून टेकडीवरचा किल्ला पाडला आणि अथेन्सकरांनी त्याला डोक्यावर घेतलं. बारा-तेरा वर्षांनी त्याच देमेत्रियसने मुनिखियावर शिबंदी ठेवलीच, वर शहरात अक्रोपोलिससमोरच्या मुसेइऑन टेकडीवरही दुसरी आणून बसवली. २८७ च्या सुमारास अथेन्सने मुसेइऑन जिंकून घेतलं. तटावरून पहिला आत उडी मारणारा लिओक्रितोस तिथेच पडला, त्याची ढाल मुक्तिदात्या झ्यूसला वाहिली. शिबंदीतला स्ट्रॉम्बिखोस हा अधिकारी अथेन्सच्या बाजूला आला, त्याला पुढे नागरिकत्व दिल्याचा ठराव आजही वाचता येतो.

इथे यश आलं म्हणून पिरेयसलाही तेच करून पाहिलं. तिथल्या भाडोत्री सैनिकांचा अधिकारी होता हिएरोक्लिस, कारियाचा. अथेन्सच्या सेनापतींनी त्याला गाठलं, इलिसोस नदीकाठी शपथा झाल्या, रात्री तो दरवाजा उघडणार असं ठरलं. हिएरोक्लिसने सगळं आपल्या वरिष्ठाला, हेराक्लिदिसला, सांगून टाकलं. ठरल्या रात्री दरवाजा उघडला. ४२० अथेन्सकर आत आले. आत दोन हजार सशस्त्र सैनिक थांबले होते. एकही सुटला नाही.

हाच हिएरोक्लिस पुढे मुनिखिया आणि पिरेयसचा किल्लेदार झालेला दिसतो. प्लेटोच्या अकादमीचा प्रमुख आर्केसिलाओस त्याचा जवळचा मित्र होता आणि सणावारी त्याला भेटायला पिरेयसला जायचा. ज्या शहराने ते ४२० गमावले, त्याच शहरातला सगळ्यात नावाजलेला तत्त्वज्ञ. मला हे पचायला जड जातं.

सरळरेघ :

जड जातंच. पण ती पिढी शिबंदी पाहतच मोठी झाली होती. पिरेयस २२९ पर्यंत सुटलं नाही, म्हणजे साठाहून जास्त वर्षं. एवढ्या काळात किल्लेदार शेजारी होऊन जातो. सुटलं तेही लढून नाही. दिओगेनिस या शेवटच्या मॅसिडोनियन किल्लेदाराने १५० टॅलंट घेतले आणि पिरेयस, मुनिखिया, सालामिस, सौनियन एकदम देऊन टाकलं. यातले २० टॅलंट आराटसने दिले. तो आजारी होता, पालखीत बसून आला. आणि अथेन्सने काय करावं? दिओगेनिसच्या नावाने उत्सव सुरू केला, व्यायामशाळा बांधली! धन्यालाच विकणाऱ्या माणसाचा एवढा उदोउदो मला पटत नाही.

शिलालेखी :

सरळरेघ, मला दिओगेनिस विकाऊ वाटत नाही. १५० टॅलंट म्हणजे नऊ लाख द्राख्मा. टिओसच्या दराने, शिपायाला रोज एक द्राख्मा धरला, तर हजार माणसांचा अडीच वर्षांचा पगार. राजा देमेत्रियस दुसरा नुकताच वारला होता, वारस पोरवयाचा, उत्तरेकडून दार्दानी लोकांची चढाई. चार ठाण्यांच्या भाडोत्री सैनिकांना पगार कोण देणार होतं? पगार थकलेली शिबंदी काय करते ते पेर्गामोनचा शासक युमेनिसला विचारा. त्याच्या सैनिकांनी बंड केल्यावर धान्याचा भाव, नोकरीच्या वर्षात किती महिने धरायचे ते, अनाथांचे हक्क, सगळं लेखी कबूल करून दगडावर कोरावं लागलं. दिओगेनिसने ती रक्कम बहुधा सैनिकांची देणी भागवून त्यांना निरोप द्यायला वापरली असावी. तसं नसतं तर अथेन्सने त्याचं नाव इतकं जपलं नसतं. त्या व्यायामशाळेत अथेन्सची तरुण मुलं रोमन काळातही शिकत होती.

कातळकडा :

आराटसचा पुढचा अध्यायही सांगायला हवा. २२५ मध्ये स्पार्टाच्या क्लिओमेनिसने कोरिंथ शहर घेतलं, वरचा बालेकिल्ला अजून आखियन संघाकडे होता. क्लिओमेनिसने आराटसला वर्षाला १२ टॅलंट देऊ केले आणि किल्ल्यावर दोघांची मिळून शिबंदी ठेवू म्हणाला. आराटसने नाही म्हटलं. स्पार्टाला आवरायला त्याने मॅसिडोनियाच्या अँटिगोनस दोसोनला बोलावलं. दोसोनने मदतीची किंमत मागितली अक्रोकोरिंथ. बायकोचे दागिने गहाण टाकून घेतलेला किल्ला २२४ मध्ये आराटसने स्वतःच्या हाताने परत केला आणि वर आपला मुलगा ओलीस म्हणून दिला. मॅसिडोनियनांची शिबंदी तिथून हलली ती १९६ मध्ये, आणि तेव्हाही जागा रिकामी झाली नाही. आणखी दोन वर्षं वर रोमन पहारा होता.

रानवारा :

कातळकडा, म्हणजे दोसोनला किल्ला देताना आखियन संघात कुणी विरोध केला नाही का? यावर वेगळा धागा काढा, वाचायला नक्की येईन.